बोटांना कोण सांगणार

पडद्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी एक पिवळी पट्टी येते:
ऑक्टोबरनंतर आम्ही तुमची जबाबदारी घेणार नाही.
मी 'नंतर आठवण करा' दाबते.
इतक्या नम्रपणे मला आजवर कुणी कामावरून काढलं नव्हतं.

पोर्तोच्या या चढाच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर
मी गावोगावच्या बँडांच्या वह्या लिहिते.
एका कूचगीताचे बावीस वाटे:
क्लॅरिनेट पहिली, दुसरी, तिसरी,
ट्रॉम्बोन, झांजा,
आणि बोंबार्दिनो, जो वाजवणारा
गाव कुठलंही असो, खाटीक असतो नाहीतर पोस्टमन.
त्याला स्वर ठसठशीत लागतात,
पान उलटायला दोन मात्रांची उसंत लागते.
ती उसंत कुठे ठेवायची ते मला कळतं.
म्हणजे बोटांना कळतं.
डावी करंगळी कंट्रोलवर टेकते, तर्जनी जाते तिथे स्वर उमटतो,
मी तोवर समोरच्या गच्चीतले टॉवेल मोजत असते.

तेल्मो, माझा भाचा, म्हणतो, मावशी,
एक प्रणाली आहे, फुकट, कुणाच्याच मालकीची नाही,
तुझ्या याच म्हाताऱ्या यंत्रावर पळेल.
पेंग्विनचं चित्र दाखवतो.
मी विचारते, जूनमध्ये, जत्रेच्या आदल्या रात्री
प्रिंटर रुसला तर फोन कुणाला करू?
तो म्हणतो, जगभर लोक आहेत.
जगभर लोक आहेत हे मलाही माहीत आहे.

दुसरा रस्ता दुकानाच्या काचेमागे चमकतो,
पातळ, करडा,
त्याच्या किमतीत माझ्या दोन हिवाळ्यांचं भाडं.
आणि तिथे करंगळीचं काम अंगठ्याकडे.
तिला रोज समजवावं लागेल,
बाई गं, तू नाहीस, तो.

आणि हेच ठेवलं, वायर काढून, जगापासून तोडून?
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

काल रात्री सेन्योर आदेलीनो आठवले.
एका ओढीत पाच रेघा उमटवणारा पितळी टाक
त्यांनीच माझ्या हातात दिला होता.
सत्त्याण्णव साली मी उसनवारी करून पहिला संगणक आणला
तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.
मग एका दुपारी आले. छापलेलं पान दिव्यासमोर धरलं.
"स्वच्छ आहे," म्हणाले. "पण ग्रासिएत, घाई कुणाला आहे,
तुला, की याला?"
मी काहीतरी फार हुशार उत्तर दिलं.
ते आता आठवत नाही.
त्यांनी सावकाश टोपी घातली, ते आठवतं.

रविवारी तेल्मोनं पेनड्राइव्ह लावून त्याची प्रणाली उघडली,
नुसतं बघ, घेऊ नकोस, म्हणाला, कापडवाल्यासारखा.
मी अठ्ठ्याण्णवची एक फाइल काढली, जत्रेचं कूच.
स्वर जागेवर. चाप जागेवर. उसंतही.
फक्त शीर्षकात, संताच्या नावाआधी आम्ही जो 'साओं' लावतो
त्यातलं नाकातून बोलायचं अक्षर गायब,
त्या जागी रिकामी चौकट,
जसं सगळा बँड बसलाय
आणि खाटकाची खुर्ची तेवढी दिसतेय.

आमच्याकडे गाव तितके संत.
माझ्याकडे फायली अकराशे त्रेचाळीस.

तेल्मोचा चेहरा पडला. मला, कोण जाणे का, हसू आलं.
हे तर मला येतं.
हे मी टाकानंही केलंय, चुकलेली जागा पात्यानं खरवडून.
नागमोडी रेघ कुठल्या कळीवर आहे, विचारलं.
करंगळी आधी जुन्या ठिकाणी गेली,
थबकली, परत आली.

चौकट भरली.
तेल्मोला म्हटलं, तुझा पेनड्राइव्ह राहू दे इथेच.
निर्णय वगैरे काही नाही.
अकराशे बेचाळीस.